काही करत नाही हो तो!

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. लिफ्टचं दार उघडतं, आतून पंचवीस किलोंचं एक आनंदी धूड झेपावतं, पुढचे दोन पाय तुमच्या छातीवर ठेवतं, तुम्ही भिंतीला चिकटता, हातातली भाजीची पिशवी खाली पडते, आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरलेले गृहस्थ हसऱ्या चेहऱ्याने सांगतात, "घाबरू नका, काही करत नाही हो तो!" वर पुरवणी, "फार प्रेमळ आहे. माणसं आवडतात त्याला."

अहो, आत्ता त्याने जे केलं ते 'काही'च होतं की!

मला आज या वाक्याशी भांडायचं आहे. आणि भांडणाच्या सुरुवातीलाच कबुली देते, की गेल्या गणपतीपर्यंत हे वाक्य मी स्वतः दिवसातून चार वेळा म्हणत होते. तेव्हा हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग तुमच्याविरुद्ध.

आमच्याकडे ब्रूनो आला तो नातवाच्या हट्टामुळे. आई लॅब्राडोर, वडिलांचा पत्ता नाही. नाव नातवानेच ठेवलं. आमच्या इमारतीत याच नावाचे आणखी दोन कुत्रे आहेत; पूर्वी एकेका वर्गात चार-चार राजेंद्र असायचे, तसंच हे. दीड महिन्याचा असताना तो बुटांच्या खोक्यात मावायचा. कोणीही आलं की दोन पायांवर उभा राहून बिलगायचा आणि आम्ही सगळे "बघा कसा उचल म्हणतोय" करत त्याला उचलून घ्यायचो. पाहुणे कौतुक करायचे, फोटो काढायचे. दहा महिन्यांचा झाला तेव्हा तो चोवीस किलोंचा होता आणि तेच करत होता. त्याच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते फक्त वजन.

गणपतीच्या आदल्या दिवशी माझी थोरली बहीण पेणहून आली. आक्काचं वय ऐंशीच्या पुढे. दार मीच उघडलं. माझ्या बाजूने वाट काढून ब्रूनो बाहेर गेला आणि त्याने तिच्या खांद्यावर पाय टाकले. ती मागे जिन्याजवळच्या लादीवर पडली, उजवा हात टेकून. मला आजही लाज वाटते ती या गोष्टीची, की ती पडत असताना माझ्या तोंडून "काही करत नाही गं तो" हे शब्द निम्मे बाहेर पडले होते.

मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, मनगटावर निभावलं; या वयात खुबा मोडला असता तर गोष्ट वेगळी होती. सहा आठवडे प्लास्टर. एकटी राहणारी, स्वतःचं सगळं स्वतः करणारी बाई. पण त्या सहा आठवड्यांत तिची वेणी मी घालत होते आणि ती डाव्या हाताने चमच्याने भात खात होती. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. "पोर आहे ते, त्याला मारू नका," एवढंच म्हणाली. बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग सल्ले सुरू झाले. मी सकाळी वडाळे तलावाला फेरी मारायला जाते. तिथे आमच्या वयाची पुष्कळ मंडळी भेटतात आणि सगळ्यांकडे वेळ भरपूर. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की याबाबतीत लोकांचे तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, जाऊ द्या हो, प्रेम करतो बिचारा. दुसरा म्हणतो, दोन फटके द्या, सरळ येईल. तिसरा आवाज खाली आणून म्हणतो, हायवेला नेऊन सोडून या. तिसऱ्या पक्षाशी मी वाद घालत नाही. रस्त्यावर सोडलेला पाळीव कुत्रा किती दिवस टिकतो हे ज्याला कळत नाही त्याला काय सांगणार? आणि सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. भांडण आहे ते पहिल्या दोन पक्षांशी, कारण दोन्हींत चांगली माणसं आहेत आणि दोन्हींत मी राहून आलेली आहे.

आधी प्रेमवाले. कुत्रा उडी मारतो ती प्रेमाने, हे खरंच आहे. पिल्लं आईच्या तोंडाशी तोंड नेऊन चाटतात, ती त्यांची स्वागताची रीत. आपलं तोंड पाच फुटांवर, म्हणून तो उडी मारतो. त्यात वाईट हेतू नाही, 'मी मालक, तू नोकर' असलंही काही त्याच्या मनात नाही. पण हेतू चांगला म्हणून परिणाम चांगला होतो का? पोरगं आनंदाने धावत आलं आणि म्हातारीला धडकलं, तर आपण पोराला "हळू रे" म्हणतो की म्हातारीला "घाबरू नका, प्रेमळ आहे" म्हणतो?

नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितली. मुक्या जनावरावरच्या मायेला आपल्याकडे तोटा नाही. पण त्या गोष्टीत भाकरीही नामदेवांची होती आणि तूपही नामदेवांचं. आपण मात्र आपल्या मायेची किंमत दुसऱ्याच्या मनगटातून वसूल करतो.

आणि हा 'दुसरा' कोण असतो, ते जरा बघा. घरी जेवायला येणारे साहेब असतील तर आपण कुत्रा आधीच आतल्या खोलीत नेऊन बांधतो. उडी खपवून घ्यावी लागते ती धुणंभांडी करणाऱ्या बाईला, वॉचमनला, पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला. ती "काढा हो याला" म्हणू शकत नाहीत. बाईला चार घरं टिकवायची असतात, पोराला पुढची डिलिव्हरी गाठायची असते. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी ब्रूनोला हसून "बाजूला हो रे राजा" म्हणायच्या. मला वाटायचं, त्यांना तो आवडतो. आक्का पडल्यावर एक दिवस मी सरळ विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मी रोज दारात आधी देवाचं नाव घेते, मग बेल मारते." दहा महिने ही बाई माझ्या घरात भीत भीत येत होती आणि मी, चौतीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेली बाई, ते हसू खरं समजत होते.

पार्सलवाल्या एका पोराच्या हातावर ब्रूनोच्या नखाचा ओरखडा उठला होता. आपल्याला माहीत असतं की लस दिलेली आहे. त्याला कसं माहीत असणार? आमच्या पिढीला पोटातली ती चौदा इंजेक्शनं आठवतात. ती जुनी लस २००४ साली आपल्याकडे बंद झाली, आता दंडावर मोजकेच डोस असतात. पण कुत्र्याची खात्री नसेल तर रक्त न आलेल्या साध्या ओरखड्यालाही लस घ्यावी, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे त्या पोराचा सरकारी दवाखान्यात जाण्याचा अर्धा दिवस बुडाला, आणि त्याच्या कामात अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. आम्ही त्याला लसीचं कार्ड दाखवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "काही करत नाही रे तो!"

मी पनवेलमध्येच वाढले. आमच्या वाड्यात मोती होता. येणारा माणूस फाटकाबाहेरूनच हाक द्यायचा, "कुत्रा बांधलाय का?" आणि "बांधलाय, या" असं उत्तर आल्याशिवाय कडी काढायचा नाही. मोतीचे दिवस फार सुखाचे होते असं मी म्हणत नाही. दिवसभर साखळीला असायचा आणि त्याला कोणी काही शिकवलं नाही. पण माणसाला विचारायची सोय होती आणि मागे सरकायला अंगण होतं. आता त्या जागी सात मजली इमारत आहे आणि चार माणसांनी भरणारी लिफ्ट. लिफ्टमध्ये कोण कुठे मागे सरकणार? सोसायटीला कुत्रे पाळायला बंदी करता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण हक्क मिळाला म्हणजे जबाबदारी संपली असं आपण धरून चाललो आहोत.

कायदा तसं धरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं, की आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. आक्का माझी बहीण नसती, तर हा लेख मी वेगळ्या मनःस्थितीत लिहीत असते.

आता दुसरा पक्ष, फटकेवाले. यांचा तोडगा सोपा. उडी मारली की गुडघा छातीत मारा. मागच्या पंजावर पाय द्या. वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर हाणा. एक शिकवणारे गृहस्थही आम्ही बोलावले होते. त्यांनी गळ्यात आवळणारी साखळी घातली, ब्रूनो उडी मारताच असा हिसका दिला की तो केकाटून खाली पडला. "बघा, दहा मिनिटांत फरक," ते म्हणाले. फरक होता खरा. ब्रूनो सोफ्याखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा तो पहिल्यांदा गुरगुरला. त्याला काय शिकायला मिळालं? उडी मारू नये, हे नाही. दारातून माणूस आला की गळा आवळतो, हे! त्या गृहस्थांना आम्ही पुन्हा बोलावलं नाही.

पण मला राग आला तो त्यांचा कमी आणि माझा जास्त, कारण हे दृश्य मी आधी पाहिलेलं होतं.

बी.एड.ला आम्हाला थॉर्नडाइक होता. त्याची ती पेटीतली मांजरं, प्रयत्न-प्रमाद पद्धती आणि अध्ययनाचे नियम. त्यातला परिणामाचा नियम मला अजून पाठ आहे. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा होते. १९३० च्या सुमाराला थॉर्नडाइकने स्वतःच हा नियम दुरुस्त केला. बक्षिसाने सवय जितकी पक्की होते, तितकी शिक्षेने ती पुसली जात नाही, असं त्याला दिसून आलं. हे सगळं मी पेपरात लिहिलं, चांगले गुण मिळवले, आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात छडी हातात घेतली. तेव्हा सगळेच घेत. पालक स्वतः सांगून जात, "बाई, हाडं आमची, कातडं तुमचं."

सहावीच्या एका वर्गात एक मुलगा होता. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत बाकावरून उडी मारायचा, "बाई मी! बाई मी सांगतो!" शेजाऱ्याचं कोपर उडायचं, दौत सांडायची. मी त्याला चार वेळा बसवलं आणि पाचव्या वेळेला दोन्ही हातांवर छड्या दिल्या. उडी मारणं थांबलं. त्या वर्षी मी ते माझं यश मानलं. वर्ष संपत आलं तेव्हा लक्षात आलं, की त्याने हात वर करणंसुद्धा थांबवलेलं आहे. त्याला उत्तरं येत होती. वहीत असायची. पण नंतर त्याने मला कधी एक उत्तर दिलं नाही. मी २००९ साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला. त्याच्या कलम १७ ने मुलांना मारणं बंद केलं. माझ्या बरोबरीच्या पुष्कळांना वाटलं, आता शिस्त संपली. मला त्या मुलाची आठवण झाली, पण तेव्हाही मी कोणाला काही बोलले नाही. सोफ्याखालचा ब्रूनो बघितला आणि आता बोलते आहे.

मग केलं काय? जे पन्नास वर्षांपूर्वी पेपरात लिहिलं होतं तेच. ब्रूनोला उडीतून काय मिळतं, याची यादी काढली. आपण त्याच्याकडे बघतो, बोलतो, "नको नको" म्हणून दोन्ही हातांनी ढकलतो. आपल्याला वाटतं आपण रागावतोय, त्याला वाटतं खेळायला घेतलं! म्हणजे बक्षीस आम्हीच देत होतो. ते बंद केलं. उडी मारली की बघायचं नाही, बोलायचं नाही, पाठ फिरवून उभं राहायचं. चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी, खाली वाकून, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. वरून दिला तर तो पुन्हा वर येणार, म्हणून त्याच्या तोंडाच्या उंचीवर. मग 'बस' शिकवलं, कारण बसलेला कुत्रा त्याच वेळी उडी मारू शकत नाही. आणि बेल वाजली की कोपऱ्यातल्या सतरंजीवर जायचं, हे शिकवण्यासाठी नातू दिवसातून वीस वेळा बाहेर जाऊन बेल वाजवायचा. शेजारचे वैतागले. मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. सकाळची फेरीही वाढवली, पोटभर हुंगू दिलं. दिवसभर कोंडलेलं पोर घरी दंगा करणारच.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगते. पाठ फिरवून उभं राहणं हे घरच्या धडधाकट माणसांचं काम. आक्काच्या वयाच्या पाहुणीला "तुम्ही लक्ष देऊ नका, पाठ फिरवा" म्हणणं हा निव्वळ निलाजरेपणा आहे. पाहुण्याने काहीही करायचं नाही. कुत्रा शिकेपर्यंत दार उघडण्याआधी पट्टा लागला पाहिजे आणि तो आपल्या हातात पाहिजे. जमत नसेल तर आतली खोली आहे.

पहिले आठ-दहा दिवस उड्या वाढल्या. हेही पुस्तकात आहे. जत्रेत फुगा मिळाला नाही की पोर आधी मोठ्याने रडतं, मग थांबतं. नेमकं त्या मोठ्या रडण्याला आपण फुगा घेऊन देतो आणि म्हणतो, "काही उपयोग होत नाही हो!"

पण कुत्रा शिकवणं सोपं होतं. अवघड होती माणसं. घरातला सर्वांत ढ विद्यार्थी म्हणजे आमचे हे. माझी पाठ फिरली की मांडीवर पाय घेऊन, "तुझी आजी कडक आहे रे." आणि इमारतीतले ते हौशी काका, जे मी ब्रूनोला बसवलेलं असताना छाती थोपटून म्हणतात, "ये ये, वर ये! मला चालतं हो!"

काका, तुम्हाला चालतं. आक्काला चालत नाही. मावशींना चालत नाही. आणि तुमच्यात आणि आक्कात फरक आहे हे कुत्र्याला कळत नाही. मटक्याचा नाद का सुटत नाही? दहांदा हरून अकराव्यांदा लागतो म्हणून. रोज लागत असता तर एक दिवस न लागताच माणूस उठला असता. स्किनरने पुढे हेच दाखवून दिलं, की अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सर्वांत चिवट करतं. तुमची ती एक "ये ये" आमच्या आठवड्याच्या मेहनतीवर पाणी ओतते, आणि पुढची उडी तुमच्यावर नाही, दुसऱ्याच कोणावर तरी पडते. लाड करायचे तर खाली वाकून करा. गुडघे दुखतात? माझेही दुखतात.

चार महिन्यांनी, संक्रांतीला, आक्का पुन्हा आली. मनगट अजून पूर्ण वळत नाही. पोळपाट-लाटणं तिने सोडलं आहे. येण्याआधी तिने फोनवर विचारलं, "कुत्रा बांधशील ना गं?" तिने यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हटलं आणि पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरला. बेल वाजली, ब्रूनो सतरंजीवर गेला, दार उघडलं. त्याचे पुढचे पाय उचलले गेले, अर्धा वीतभर. मग माझ्याकडे बघून तो खाली बसला, सगळं अंग थरथरत, शेपूट लादीवर आपटत. आक्का उंबऱ्यावरच थांबली. दोन मिनिटं तरी थांबली असेल. कोणी तिला "ये गं, काही करत नाही तो" म्हटलं नाही. मग ती भिंतीला हात लावत आत आली आणि लांबच्या खुर्चीत बसली. त्या दिवशी तिने त्याला हात लावला नाही, आणि मी आग्रह केला नाही.

तेव्हा कुत्रे पाळणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, एवढंच करा. पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर येईल, तेव्हा ते गिळा, पट्टा आखडा आणि समोरच्याला विचारा, "आम्ही थांबतो, तुम्ही आधी जाता का?"

लिफ्ट काय, परत येते.